नावाआधीची तीन अक्षरे

कलकत्त्यास बदली होऊन आलेल्या मराठी अधिकाऱ्यास पहिल्या आठवड्यातच दोन प्रश्न विचारले जातात. मासे चालतात काय, हा पहिला. आणि मोहन बागान की ईस्ट बंगाल, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर त्याच्या घराण्याने पूर्वीच देऊन ठेवलेले असते. दुसऱ्याचे मात्र त्याला स्वतःच द्यावे लागते, आणि ‘फुटबॉलमध्ये मला विशेष गम्य नाही’ हे उत्तर त्या नगरीत उत्तर म्हणून धरले जात नाही. 2020 सालापासून या दोन प्रश्नांना तिसरा येऊन मिळाला: क्लब विकत घेणाऱ्या मालकाने क्लबचे वळणही बदलावे काय? कचेरीत, ट्राममध्ये, चहाच्या टपरीवर या प्रश्नाची जी चर्चा झाली ती वरवर पाहता खेळाची होती. प्रत्यक्षात ती एका जुन्या सार्वजनिक संस्थेच्या मालकीची चर्चा होती, आणि म्हणूनच तिचा इतिहास आपणही समजून घेण्याजोगा आहे.

मोहन बागान क्लबची स्थापना 15 ऑगस्ट 1889 रोजी उत्तर कलकत्त्यात झाली. मित्र, सेन आणि बसू या तेथील घराण्यांचा तिला आधार होता, आणि पुढे 1914 साली काँग्रेसच्या अध्यक्षपदी बसलेले भूपेंद्रनाथ बसू हे क्लबचे पहिले अध्यक्ष होते. 29 जुलै 1911 रोजी या क्लबने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघाचा 2-1 असा पराभव करून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. आरंभी एका गोलाने मागे पडलेल्या संघास कर्णधार शिवदास भादुरी यांनी बरोबरी साधून दिली आणि अभिलाष घोष यांनी निर्णायक गोल केला. अकरांपैकी दहाजण अनवाणी खेळले होते. वंगभंगाची जखम ताजी असताना मिळालेला तो विजय साऱ्या बंगालने आपला मानला. त्या दिवसापासून मोहन बागान ही काही घराण्यांची संस्था राहिली नाही. कागदोपत्री ती सभासदांची होती. लोकांच्या मनात ती लोकांची झाली.

ईस्ट बंगालचा जन्म एका रुसव्यातून झाला. 28 जुलै 1920 रोजी जोडाबागान क्लबने मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात शैलेश बसू या खेळाडूस वगळले. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधरी यांना तो पूर्व बंगालच्या माणसाचा अपमान वाटला. त्यांनी क्लब सोडला आणि 1 ऑगस्ट 1920 रोजी नवा क्लब उभा राहिला. सत्तावीस वर्षांनी फाळणी झाली, लक्षावधी निर्वासित पश्चिमेस आले, आणि या क्लबच्या लाल-पिवळ्या रंगांत त्यांना आपल्या गमावलेल्या गावांची खूण दिसू लागली. एका बाजूस घोटी आणि कोळंबी, दुसऱ्या बाजूस बांगाल आणि हिलसा, अशी ही वाटणी शहराच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली.

येथवरचा इतिहास ऐकून कोणासही असे वाटेल, की पूर्वी सारे लोकांचे होते आणि धनिक मालक येताच बिघाड झाला. पाठीराख्यांपैकी पुष्कळांचे म्हणणे असेच असते. परंतु इतिहास इतका सरळ नाही. सभासदांच्या क्लबातही सत्ता मूठभर चिटणीसांच्या हाती असे. निवडणुका होत, पण तीच नावे वर्षानुवर्षे दिसत. 9 डिसेंबर 2012 रोजी ईस्ट बंगालविरुद्धच्या सामन्यात मोहन बागानचा संघ मध्यंतरानंतर मैदानात उतरलाच नाही. त्याबद्दल अखिल भारतीय महासंघाने क्लबवर बंदी घातली, आणि पुढे ती उठवून दोन कोटी रुपयांचा दंड केला. त्या वेळी क्लबवर आजच्यासारखा मालक नव्हता. पदाधिकारी होते, आणि ते सभासदांचेच होते.

‘क्लबची संस्कृती’ म्हणून जिचा अभिमान बाळगला जातो तीही कधी अचल नव्हती. ईस्ट बंगाल हा निर्वासितांचा क्लब खरा. परंतु 1949 ते 1953 या त्याच्या वैभवकाळात ज्यांना ‘पंचपांडव’ म्हटले गेले ते वेंकटेश, अप्पा राव, धनराज, अहमद खान आणि सालेह हे पाचहीजण दक्षिणेकडील होते. निर्वासितांच्या वस्त्यांनी त्यांना आपल्या मुलांसारखे मानले. मोहन बागानने केवळ भारतीय खेळाडूंनाच खेळविण्याचे व्रत शंभर वर्षे पाळले, आणि 1991 साली नायजेरियाच्या चिमा ओकोरी यांना घेऊन ते मोडले. हा निर्णयही कोणा कंपनीने लादलेला नव्हता. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते: खेळाडू कोठून आणावे, कोणास घ्यावे, कसे खेळावे, या बाबी बदलल्या तरी पाठीराखा कुरकुर करून अखेर त्या स्वीकारतो. मग 2020 साली तो रस्त्यावर का उतरला?

तत्पूर्वी एकदा धनिकाचा प्रवेश होऊन गेला होता. 1998 साली विजय मल्ल्या यांच्या युनायटेड ब्रुअरीज समूहाने दोन्ही क्लबांच्या फुटबॉल कंपन्यांत निम्मा वाटा घेतला. एकाच्या नावाआधी मॅकडॉवेल आणि दुसऱ्याच्या नावाआधी किंगफिशर हे शब्द येऊन बसले. परस्परांचे तोंड न पाहणाऱ्या दोन क्लबांचा भागीदार एकच होता, ही गंमत त्या काळी पुष्कळांना जाणवली. तरीही त्या नावांची सवय झाली. कारण पुरस्कर्त्याचे नाव जाहिरात म्हणून वाचता येते. पैसा थांबला की ते पुसले जाणार, हे सर्वांस ठाऊक असते.

2020 चा प्रसंग वेगळा होता. 2014 साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा कलकत्त्याकरिता एक नवाच संघ निर्माण करण्यात आला होता. स्पेनमधील आत्लेतिको माद्रिद हा क्लब त्यात भागीदार असल्याने नाव आत्लेतिको दे कोलकाता, आणि पट्टेही माद्रिदचेच, लाल-पांढरे. 2017 साली माद्रिदचा संबंध सुटला आणि संघाजवळ केवळ ‘एटीके’ ही तीन अक्षरे उरली. संघ दुबळा नव्हता. त्याने ती स्पर्धा तीनदा जिंकली. 16 जानेवारी 2020 रोजी असे जाहीर झाले, की या संघाचे मालक आर. पी. संजीव गोएंका समूह मोहन बागानच्या फुटबॉल शाखेत शेकडा 80 वाटा घेणार आणि क्लबकडे 20 राहणार. 10 जुलै रोजी नाव ठरले: एटीके मोहन बागान. हिरवा आणि तांबूस हे रंग कायम राहिले, शिडाच्या नावेचे चिन्हही राहिले. पण नावेवर ती तीन अक्षरे चढली.

पाठीराख्यांत तट पडले. एक पक्ष म्हणे: फुटबॉल आता वर्गणीवर चालत नाही. परदेशी शिक्षक, वैद्य, सरावाची मैदाने, वेळच्या वेळी वेतन, हे सारे मालकाखेरीज कोण देणार? सर्वोच्च स्पर्धेत प्रवेश मिळाला तो याच मार्गाने. रंग राहिले, नाव राहिले, आणखी काय हवे? दुसरा पक्ष म्हणे: ज्या संघाचे वय सहा वर्षे त्याचे नाव एकशे एकतीस वर्षांच्या नावाआधी का? आज अक्षरे आली, उद्या त्यांचा इतिहास आमच्या इतिहासात मिसळला जाईल आणि 1911 हे एका कंपनीच्या माहितीपत्रकातील एक ओळ होऊन बसेल. ‘एटीके हटवा’ ही घोषणा भिंतींवर आणि फलकांवर दिसू लागली.

दैवयोग असा, की हा वाद पेटला तेव्हा पाठीराख्यांना मैदानाचे दार बंद होते. साथीमुळे लागोपाठ दोन हंगामांचे सर्व सामने गोव्यात खेळविले गेले. सुपर लीगमधील या दोन क्लबांची पहिली भेट 27 नोव्हेंबर 2020 रोजी वास्कोच्या टिळक मैदानावर, रिकाम्या आसनांसमोर झाली. मोहन बागानने ती 2-0 अशी जिंकली. पण ज्या गर्दीने त्या लढतीला अर्थ दिला ती दोन हजार किलोमीटरांवर घरात बसलेली होती. मालकाजवळ संघ होता, विजय होता. फक्त लोक नव्हते.

शेजारच्या तंबूत वेगळेच नाटक चालले होते. ईस्ट बंगालने 2020 साली श्री सिमेंट या कंपनीशी प्राथमिक करार केला, पण अंतिम करारावर सही करण्यास पदाधिकारी तयार होईनात. सभासदांचे हक्क त्यात जातात, असे त्यांचे म्हणणे. येथे पाठीराख्यांचा राग दोन दिशांनी वाहू लागला. काहींना कंपनी लुटारू वाटे, तर काहींना पदाधिकारीच आपल्या खुर्च्या राखण्यासाठी क्लब बुडवीत आहेत असे वाटे. 21 जुलै 2021 रोजी क्लबच्या तंबूसमोर दोन्ही गट एकमेकांस भिडले आणि पोलिसांना लाठी चालवावी लागली. 2022 साली ती कंपनी गेली आणि इमामी समूह आला. मालक बदलून संस्कृती बदलत नाही, हे त्या दिवशीच्या लाठीने जितके स्पष्ट केले तितके कोणत्याही लेखाने केले नसेल.

मोहन बागानच्या वादाचा निकाल लागला तोही गोव्यातच. 18 मार्च 2023 रोजी मडगावजवळच्या फातोर्डा मैदानावर संघाने बंगळूरचा पराभव करून सुपर लीग जिंकली. त्याच रात्री संजीव गोएंका यांनी जाहीर केले, की एटीके ही अक्षरे जातील आणि संघाचे नाव मोहन बागान सुपर जायंट्स होईल. पुढे ते ‘सुपर जायंट’ असे रूढ झाले. हे शेपूट आपल्या ओळखीचे आहे: 2016 आणि 2017 साली याच समूहाच्या पुण्यातील क्रिकेट संघाच्या नावात ते होते. म्हणजे मालकाने आपली खूण पुसली नाही. पुढून काढून मागे नेली. तेवढ्याने पुष्कळांचे समाधान झाले. नंतर 2024 साली साखळी विजेतेपदाची ढाल आली, आणि 2025 साली ढाल व चषक दोन्ही आले.

या निकालात कोण जिंकले? संघाचे वळण मालकाने खरोखर बदलले, आणि पुष्कळ बाबतींत चांगल्यासाठी बदलले. शिस्त आली, नियमितपणा आला. हे नाकारणे म्हणजे 2012 ची दुपार विसरणे होय. परंतु एक गोष्ट त्याला करता आली नाही: दुसऱ्याच्या स्मृतीवर आपले नाव आधी घालता आले नाही. शेकडा 80 भाग विकत घेता आले. 29 जुलै 1911 चा एकही भाग विक्रीस नव्हता.

जेथे अशी स्मृती नसते किंवा तिला लोकांत घर नसते, तेथे मालकाची इच्छा हाच क्लबचा प्राण असतो. मुंबईचा महिंद्र युनायटेड हा राष्ट्रीय विजेता संघ 2010 साली मालकांनी बंद केला. पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा फगवाड्याचा जे. सी. टी. संघ 2011 साली गेला. तंबूसमोर लाठी चालावी एवढा जमाव त्यांच्यासाठी जमला नाही. गोव्याच्या धेंपे घराण्याच्या संघाने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. तेथे मालक हेच गावचे लोक असल्याने कथा निराळी झाली. मालक असणे हा दोष नव्हे. मालक आणि लोक यांच्यात ओळख नसणे, हा दोष होय.

आपण परप्रांती राहणारी माणसे. प्रत्येक शहरात आपले एखादे महाराष्ट्र मंडळ असते, त्याचा गणपती असतो, जुनी वाचनखोली असते. इमारत गळू लागली की एखादा उदार दाता पुढे येतो, आणि फलकावर त्याचे नाव कोठे व केवढ्या अक्षरांत असावे, यावर कार्यकारिणीची बैठक रात्री अकरापर्यंत चालते. अशा बैठकीत आपल्यापैकी बहुतेकजण केव्हा ना केव्हा बसले आहेत. त्या वेळी मंडळाची वर्गणी आपण किती वर्षे थकविली आहे, हा प्रश्न सहसा कार्यक्रमपत्रिकेवर नसतो.

कलकत्त्याच्या पाठीराख्यांच्या भांडणातून घेण्याजोगा बोध हाच, असे मला वाटते. दात्यास छप्पर दुरुस्त करू द्यावे, हिशेब नीट ठेवू द्यावे, प्रसंगी आपल्या जुन्या आळसाबद्दल त्याने कान उपटले तरी ऐकून घ्यावे. नाव मात्र आपले आपण राखावे. आणि ते राखण्याचा अधिकार नियमित वर्गणी भरून, सभेस हजर राहून, निवडणुकीस उभे राहून कमवावा. मोहन बागानच्या लोकांनी तीन अक्षरे हटविली याचे कौतुक आहेच. परंतु शेकडा 80 भाग विकण्याची वेळ का आली, हा प्रश्न त्यांच्यापुढे अद्याप उभा आहे, आणि आपल्याही मंडळाच्या दारात तो केव्हा येऊन उभा राहील हे सांगता येत नाही.