भारताचे हिमालयीन सुरक्षा धोरण : भूतान व नेपाळ यांच्याशी झालेल्या करारांचा ऐतिहासिक विचार

ब्रिटिश राजवटीने हिंदुस्थानच्या उत्तर सीमेसाठी जी संरक्षणरचना उभी केली, तिच्यात तिबेट हा बाहेरचा तट आणि नेपाळ, सिक्कीम व भूतान हा आतला तट होता. स्वतंत्र भारताने ही रचना बहुतांशी जशीच्या तशी स्वीकारली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी दार्जिलिंग येथे भूतानशी, ३१ जुलै १९५० रोजी काठमांडू येथे नेपाळशी आणि त्याच वर्षी ५ डिसेंबरला सिक्कीमशी करार झाले. परंतु ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सैन्याने तिबेटमध्ये प्रवेश केला आणि बाहेरचा तट ढासळला. सिक्कीम १९७५ मध्ये भारताचे घटक राज्य झाले. त्यामुळे प्रस्तुत लेखात केवळ भूतान व नेपाळ यांचा विचार केला आहे.

शब्दांकडे पाहिले तर भूतानचा करार अधिक विषम होता. त्याच्या दुसऱ्या कलमानुसार भूतानने परराष्ट्र संबंधांत भारताच्या सल्ल्यानुसार चालण्याचे मान्य केले होते. नेपाळच्या करारात मात्र परस्परांच्या सार्वभौमत्वाचा आदर पहिल्याच कलमात होता. असे असूनही कटुता नेपाळमध्येच अधिक वाढली. हे कसे घडले?

नेपाळचा खरा प्रश्न करारात नव्हता, तर सोबतच्या पत्रांत होता. परकीय आक्रमणाचा धोका दोघांपैकी कोणीही सहन करणार नाही, तसेच भारताच्या प्रदेशातून येणारी शस्त्रास्त्रे भारताच्या साहाय्याने व संमतीने आणली जातील, असे त्यांत नमूद होते. ही पत्रे १९५९ पर्यंत गुप्त राहिली. करारावर नेपाळच्या वतीने पंतप्रधान मोहन शमशेर यांनी, तर भारताच्या वतीने राजदूतांनी सही केली. हा दर्जाभेद नेपाळी अभ्यासक आजही विसरलेले नाहीत. ज्या राणा राजवटीशी हा करार झाला, ती अवघ्या सात महिन्यांत सत्ताच्युत झाली. नोव्हेंबर १९५९ मध्ये नेपाळवरील आक्रमण हे भारतावरील आक्रमण मानले जाईल, असे पंडित नेहरूंनी लोकसभेत जाहीर केले, तेव्हा मदत हवी की नको हे नेपाळच ठरवील, अशा आशयाचे उत्तर बी. पी. कोइराला यांनी दिले. कोइराला भारताचे विरोधक नव्हते, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

भूतानमध्ये घटनाक्रम निराळा होता. सप्टेंबर १९५८ मध्ये नेहरू नथु ला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून पारोला गेले, कारण भारतातून भूतानमध्ये जाणारा वाहनयोग्य रस्ताच नव्हता. भूतानने स्वतंत्र राहावे, हीच भारताची इच्छा असल्याचे त्यांनी तेथे सांगितले. पुढे १९६१ मध्ये सीमा रस्ते संघटनेचा ‘दंतक’ प्रकल्प सुरू झाला आणि फुंटशोलिंग ते थिंफू हा रस्ता तयार झाला. तो अर्थातच संरक्षणासाठीही होता. पण त्यावरून धान्य, शिक्षक आणि औषधेही गेली. शिवाय दुसरे कलम भारताने ताणून धरले नाही. १९७१ मध्ये भूतान संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला आणि १९८४ पासून त्याने चीनशी सीमाप्रश्नावर थेट बोलणी सुरू केली. लहान लोकसंख्या व चीनशी बंद असलेली सीमा यांचाही या सौहार्दात वाटा आहे, हे नाकारता येणार नाही.

नेपाळच्या बाबतीत भारताने नेमके उलट केले. नेपाळच्या उत्तर सीमेवरील भारतीय तपासणी ठाणी नेपाळच्या मागणीनंतर हलवावी लागली. १९८८ मध्ये नेपाळने चीनकडून शस्त्रे घेतली. ती भारतीय प्रदेशातून आलेली नव्हती. भारताने मात्र सुरक्षाविषयक समझोत्यांचा भंग झाल्याचे मानले. मार्च १९८९ मध्ये व्यापार व पारवहन करारांची मुदत संपताच पंधरापैकी तेरा पारवहन मार्ग बंद झाले. त्याची झळ राजवाड्यापेक्षा काठमांडूतील रॉकेलच्या रांगांना अधिक बसली.

फेब्रुवारी २००७ मध्ये भूतानशी नवा करार होऊन दुसऱ्या कलमातील ‘सल्ला’ वगळण्यात आला. दहा वर्षांनी, २०१७ मध्ये, चुंबी खोऱ्यालगतच्या डोकलाम येथे भारतीय सैन्य ७३ दिवस उभे राहिले, तेव्हा भूतानने चीनच्या रस्ताबांधणीवर जाहीर आक्षेप घेतला होता. १९५० च्या पत्रांचा वाद मात्र मिटला नाही. २०१५ मधील सीमेवरील कोंडीनंतर, मार्च २०१६ मध्ये नेपाळने चीनशी पारवहन करार केला.