शिंजीर, जांभळा

सूर्यपक्ष्यांच्या कुलातील, चोचीसह जेमतेम १० सेंमी. लांबीचा मधुभक्षी पक्षी. लॅथम या इंग्रज पक्षिविदाने १७९० मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. बडोद्याचे महाराज तिसरे सयाजीराव यांच्या कारकिर्दीत १८७९ मध्ये विश्वामित्रीच्या तीरी वसविलेल्या कमाटी बागेत आणि बडोद्यातील जुन्या घरांच्या परसातही तो जास्वंदीभोवती नित्य दिसतो. तेथील गुजराती मंडळी त्याला शक्करखोरो म्हणतात.

विणीच्या हंगामात नराचे सर्वांग निळसर-जांभळ्या काळ्या झळाळीने असे उजळून निघते, की उन्हाची तिरीप पडेपर्यंत ज्याला आपण केवळ काळा समजत होतो तो हाच काय, असा संभ्रम पडावा. हंगाम सरल्यावर मात्र हा शाही पोशाख उतरतो आणि पिवळसर अंगावर गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी पट्टी तेवढी शिल्लक राहते. मादी बारमाही साधी, वर मातकट व खाली पिवळट.

संसाराचा मुख्य कारभार मादीकडे असतो. गवत, सालींचे तुकडे व कचरा कोळिष्टकांनी सांधून ती फांदीला लोंबती थैली विणते, तिच्या दारावर छोटी पडवी काढते आणि बहुधा दोन अंडी एकटीच उबवते. नर पिलांना भरविण्याच्या वेळी हजर होतो. पिलांचा शिधा मधाचा नसून मुख्यतः कीटक व कोळी यांचा असतो.

हौशी निरीक्षक याला बेलाशक गुंजन पक्षी ठरवितात. वस्तुतः गुंजन पक्षी केवळ अमेरिका खंडांतील; अँडीज पर्वताच्या मेघाच्छादित अरण्यांत त्यांच्या अनेक जाती नांदतात आणि त्यांचे नाते पाकोळ्यांशी आहे, तर शिंजीर हा चिमणी-कावळ्यांच्या गणातला. लांबट चोच, नळीसारखी जीभ व चकाकणारी पिसे ही दोघांना समान वृत्तीमुळे स्वतंत्रपणे लाभली. गुंजन पक्षी हवेत स्थिर राहून मध पितो. शिंजीर क्वचित फडफडत तरंगतो, एरवी फांदीवर बसूनच काम उरकतो, आणि फुलाची नळी लांब असेल तर तिच्या बुडाशी भोक पाडून परागसिंचनाचा मोबदला न देताच मध लांबवितो. आम्रवृक्षांवरील बांडगुळांचे परागण मात्र तो इमानाने करतो, जे आंब्याच्या मालकाला रुचण्यासारखे नाही.

डोंगरी अरण्यातला त्याचा भाऊबंद पाहायचा असल्यास सह्याद्री गाठावा लागतो: कर्नल साइक्स यांनी १८३२ मध्ये वर्णिलेला, तांबड्या गळ्याचा विगर्सचा शिंजीर पश्चिम घाटाबाहेर आढळत नाही.