साबणवाल्याचा जनरल

कोट काढा आधी. संकोच नको, इथे हजारो पुरुष बाह्या कोपरापर्यंत सारून बसलेत. १९२० सालचा जून आहे, गाव शिकागो, आणि तुम्ही उभे आहात कोलिझियममध्ये. बाहेरून दगडी गढी वाटते, आत शिरलं की डोक्यावर लोखंडी कमानींचं अजस्र छप्पर. सकाळपासून तापलेली हवा त्याखाली कोंडून राहिली आहे. वारा घ्यायला प्रत्येकाच्या हातात पुठ्ठ्याचा नाहीतर ताडपानाचा पंखा. एका वेळी हजारो हात हलतायत आणि वारा कुणालाच लागत नाही.

नाकाला जरा वेळ द्या. सिगारचा धूर, घामाने भिजलेली लोकर, गर्दीत पायाखाली चिरडलेलं खाणं, आणि बाहेर वाऱ्याने दिशा बदलली की नैर्ऋत्येच्या कत्तलखान्यांचा दर्प. दारूबंदी लागून पाच महिने होत आलेत, तरी पुढच्या रांगेतल्या गृहस्थांच्या श्वासाला तिचा पत्ता लागलेला दिसत नाही.

रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन आहे हे. राज्याराज्यांतून आलेल्या प्रतिनिधींच्या मतांनी अध्यक्षपदाचा उमेदवार इथे ठरायचा. त्याआधी वसंतात वीसेक राज्यांत प्रायमरी झाल्या, म्हणजे आपला उमेदवार कोण असावा यावर पक्षाच्या मतदारांनी स्वतः मत दिलं. गॅलरीत तुमच्या शेजारी जो म्हातारा शेतकरी घाम पुसत बसलाय, तोही मिशिगनमध्ये मत देऊन आलाय. आमच्याकडे हायरम जॉन्सन जिंकले, असं तो तुम्हाला दोनदा सांगेल. ऐकून घ्या. त्याच्यासाठी ती मोठी गोष्ट आहे.

आता कान झाका, कारण उमेदवारीच्या शर्यतीतले दुसरे, जनरल लिओनार्ड वूड, यांचं नाव पुकारलं गेलंय. बँड सुटला! खुर्च्या सरकल्या, माणसं खुर्च्यांवर चढली, काठ्यांवर लावलेल्या वूडसाहेबांच्या तसबिरी हिंदकळू लागल्या. तुमच्याही हातात कुणीतरी एक काठी कोंबली, नको म्हणायला सवडच मिळाली नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास उलटला तरी आरडाओरडा थांबत नाही. घसा बसतो, पण पाय आपोआप ताल धरतात. गर्दीचं हे असंच असतं. तिच्यात उभं राहिलं की वाटतं, सगळा देश या माणसाच्या मागे उभा आहे.

ती काठी जरा खाली घ्या आणि तसबीर निरखा. कागद जाड आहे, छपाई देखणी, कडा सफाईने कापलेल्या. याचे पैसे कुणी दिले? विल्यम कूपर प्रॉक्टर यांनी आणि त्यांच्यासारख्या आणखी काही जणांनी. प्रॉक्टर म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या आयव्हरी साबणाचे मालक, सिनसिनाटीचे. माणूस वाईट नाही. आपल्या कामगारांना नफ्यात वाटा देणारा, आणि वूड यांच्यावर मनापासून श्रद्धा असलेला. पण मोहिमेसाठी त्यांनी एकट्याने पाच लाख डॉलरहून जास्त रक्कम पुढे केली, आणि सूत्रंही स्वतःच्या हाती घेतली. वूड यांच्या मोहिमेचा एकूण खर्च सुमारे १७ लाख ७० हजार डॉलर. मला खटकते ती हीच गोष्ट. म्हाताऱ्याचं मत एक, साबणवाल्याचंही एकच. पण म्हाताऱ्याच्या गावातल्या भिंतीवर कुणाचा चेहरा चिकटणार, हे साबणवाल्याने ठरवायचं.

जॉन्सन यांनाही पैसेवाले होतेच, च्युइंगगमवाले रिग्ली त्यांच्या बाजूचे. पण वूड यांच्या पैशापुढे ती रक्कम किरकोळ.

पाणी प्यायला मागच्या बोळात चला. इथे ओरडा कमी आणि कुजबुज जास्त. मोहिमांच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या सिनेटर केन्यन यांच्या समितीने सगळ्यांचे हिशेब उघडे केलेत, आणि जो तो मिसूरीबद्दल बोलतोय. तिथल्या दोन प्रतिनिधींना लाउडन यांच्या माणसांकडून अडीच-अडीच हजार डॉलर मिळाले. फ्रँक लाउडन हेही उमेदवारीच्या शर्यतीत; इथलेच, इलिनॉयचे गव्हर्नर, रेल्वेचे झोपायचे डबे बनवणाऱ्या पुलमन यांचे जावई. त्यांनी मोहिमेवर ४ लाख १४ हजार डॉलर खर्च केले, बहुतेक घरचेच. त्यांच्यापुढे अडीच हजार म्हणजे चिल्लर. पण तुमच्या बाजूला नळाखाली तोंड धुणारा तो हमाल बघा; त्याच्यासारख्याची ती वर्षभराच्या कमाईहून मोठी रक्कम. हे पैसे नेमके कशासाठी, याचं धड उत्तर त्या दोघांना देता आलेलं नाही. बातमी छापून आली आणि लाउडन यांची बाजू लंगडी पडली.

शुक्रवारी मतं मोजायला बसतात. पहिल्या फेरीत वूड २८७½, लाउडन २११½, जॉन्सन १३३½, आणि ओहायोचे सिनेटर वॉरन हार्डिंग अवघे ६५½. हो, अर्धी मतंही आहेत, तुमचे कान ठीक आहेत. चौथ्या फेरीपर्यंत वूड ३१४½ वर पोचतात, लाउडन २८९ वर, आणि दोघेही तिथेच रुततात. जिंकायला ४९३ हवीत. एकाच्या पैशाने दुसऱ्याचा पैसा अडवून धरलाय. शर्ट पाठीला चिकटलेले, डोळे धुराने लाल, आणि सभा उद्यावर.

रात्री मिशिगन ॲव्हेन्यूवरच्या ब्लॅकस्टोन हॉटेलच्या दारापर्यंत तुम्ही जाऊ शकता, त्यापुढे नाही. वर एका खोलीत कोंडी फोडणारं नाव शोधत सिनेटर मंडळी येतात, जातात, पुन्हा येतात. तळ्यावरून येणारा वारा तेवढा बरा वाटतो. फुटपाथवर बातमीदार घोळक्याने उभे आहेत, वर पाहत. कुठली खिडकी ती, हे त्यांनाही नीट ठाऊक नाही.

शनिवारी दहाव्या फेरीत हार्डिंग जिंकतात. प्रायमरीत स्वतःचं ओहायो त्यांनी जेमतेम राखलं होतं आणि इंडियानात तर ते चौथे आले होते. सगळ्या प्रायमरी मिळून सर्वांत जास्त मतं होती जॉन्सन यांना.

जल्लोष होतो, पण दमलेला. लोकांना घरी जायचंय, गाड्या गाठायच्यात. तुमच्या शेजारचा म्हातारा अजून बसून आहे. खिशातून जॉन्सन यांचा बिल्ला काढतो, सदऱ्याला पुसतो, परत खिशात ठेवतो. तुमच्या हातात वूडसाहेबांची काठी आहे, ती कुठे ठेवायची ते सुचत नाही. खाली झाडूवाले कामाला लागलेत आणि जनरलच्या तसबिरींचा ढीग दरवाजाकडे सरकतोय, जाड, देखणा कागद, त्यावर बुटांचे ओले ठसे.