पहिल्या दिवसाचा राक्षस

ज्या माणसाने आयुष्यात व्हाउचरांपलीकडे काही तपासले नाही, त्याच्यावर भुयारे आणि राक्षस तपासायची वेळ यावी! पण आली खरी. भाचा पुस्तिकांचा गठ्ठा घेऊन दारात उभा. "मामा, नवीन पोरांना खेळात ओढायचंय. पहिली मोहीम कोणती घेऊ? तू कॉमर्सवाला, निकाल दे."

कॉमर्सचा आणि राक्षसांचा संबंध मी विचारला नाही. मार्चअखेर पाहिलेल्या माणसाला तो सांगावा लागत नाही.

खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रे होतात, आणि अडल्या ठिकाणी फासा टाकतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत तो काढला. मूळच्या तीन पुस्तिका म्हणजे आमच्या बँकेची परिपत्रकेच : ज्याला आधीच माहीत आहे, त्यालाच समजणारी. म्हणून १९७७ मध्ये एरिक होम्स या मेंदूच्या डॉक्टरांनी नवशिक्यांसाठी सोपा संच बेतला. खेळ समजायला मेंदूचा डॉक्टर लागावा, यातच सारे आले.

पुढे माइक कार यांची पहिल्या धड्याची मोहीम आली. भुयाराचा नकाशा तयार, खोल्यांची वर्णने तयार. पण कुठे राक्षस आणि कुठे धन, हे यादीतून निवडून रिकाम्या जागी भरायचे. मला तर खाते उघडण्याचा फॉर्मच दिसला! खोटे कशाला बोला, युक्ती नामी आहे. जागा भरता भरता खेळ चालवणाराच शिकतो.

मग गायगॅक्सची 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स'. सरहद्दीवर गढी, जवळच्या घळीत राक्षसांच्या गुहा. आधी कुठल्या गुहेत शिरावे हे कोणी सांगत नाही. नवखा चुकला की कारभार आटोपला. पण वाचता वाचता मी ताडकन उठून बसलो. गढीत चक्क बँक! नाणी मोडून देण्याचे दहा टक्के, महिनाभर ठेव ठेवली तर सांभाळणावळ माफ. आणि काउंटरवर एक हडकुळा म्हातारा क्लार्क, ज्याला जादू येते! आमच्या जमातीची इतकी कदर मी युनियनच्या सभेतही पाहिली नव्हती.

१९८३ च्या फ्रँक मेंट्झरच्या संचात मात्र एकट्यानेच वाचत खेळायचे. भुयारात अलीना नावाची एक भली बाई भेटते, जखमा बऱ्या करते, एकेक गोष्ट समजावते, आणि बार्गल नावाचा दुष्ट जादूगार तिला मारतो. इथे मी पुस्तिका मिटली.

मला माझा काउंटरवरचा पहिला दिवस आठवला. कॅश ४५० रुपयांनी कमी. कपाळाला घाम. हेडकॅशियर बाई स्टूल ओढून शेजारी बसल्या. "नऊने भाग जातो ना? मग आकडे उलटे पडले असतील. शोधा." सापडले : ११६० च्या जागी मी १६१० लिहिले होते. बाईंची शेवटची बस गेली, पण त्या रागावल्या नाहीत. आता त्या नाहीत. नोकरी मात्र मी त्या संध्याकाळीच धरली, नेमणूकपत्राच्या तारखेला नव्हे.

तेव्हा निकाल दिला तो असा : पहिल्या मोहिमेने एका वेळी एकच गोष्ट शिकवावी, चूक पोटात घालावी, आणि चालवणाऱ्यालाही हात द्यावा. या हिशेबाने २०१४ ची 'लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर' पास : तयार पात्रे, एक गाडी पोचवायचे साधे काम, आणि वाटेत दबा धरलेले गोब्लिन.

भाच्याने मान डोलावली आणि गढीचीच मोहीम घेतली. निकाल मागणारे असेच वागतात, वकिलांना विचारा.

पण रविवारी मला बोलावणे आले : हडकुळ्या क्लार्कची भूमिका! सहा पोरे. त्यातल्या सर्वांत लहानग्याचा मोहरांचा हिशेब जुळेना. २७ कमी. डोळे भरून आले बिचाऱ्याचे.

मी खुर्ची ओढून शेजारी बसलो. "नऊने भाग जातो का बघ," म्हटलं.

ही एकच जादू मला येते.