दोघांनी जायचं

दयेची शारीरिक कृत्यं सात. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, परक्याला आसरा, आजाऱ्याची विचारपूस, कैद्याची भेट आणि मेलेल्याला माती. आमचे आजोबा ही सात कृत्यं बोटांवर मोजून म्हणायचे आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं लागली की तिथे थांबायचे. पहिली सहा मत्तयच्या शुभवर्तमानात सापडतात. सातवं तिथे नाही, ते टोबीतच्या पुस्तकावरून मागाहून आलं. हे त्यांना कोणा फादरांनी शिकवलं होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. पण आयुष्यात हे सातवंच त्यांच्या वाट्याला सगळ्यांत आधी आलं. तेव्हा ते शाळेत होते.

साल १९१८. इन्फ्लुएंझा जूनमध्ये मुंबईत उतरला, मध्ये जरा ओसरला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात असा उसळला की देशभरात एक कोटीहून जास्त माणसं गेली. मुंबईहून वसईला यायला त्याला वेळ लागायचं कारण नव्हतं. आमच्याकडचा माणूस पहाटेच्या गाडीला भाजी, केळी, दूध, फुलं घेऊन मुंबईत जाणार आणि संध्याकाळी परतणार. ताप त्याच गाडीने आला. आजोबा सांगायचे की आळीच्या आळी आडव्या झाल्या. विहिरीवर रहाट होते, बैल होते, पण बैल हाकायला उठणारं कोणी नव्हतं. शाळा बंद झाली आणि मास्तरांनी धडधाकट पोरांना दोघं-दोघं करून घरोघर पाठवलं. एकाच्या हातात पाण्याची कळशी, दुसऱ्याकडे पेजेचं भांडं. दार वाजवायचं, आतून आवाज आला तर आत जायचं. नाही आला तर आत न जाता मास्तरांना सांगायला पळायचं.

गावात शवपेटी एकच उरली होती, असं आजोबांचं म्हणणं. तीच कबरीपर्यंत न्यायची, प्रेत खाली उतरवायचं आणि रिकामी पेटी पुढच्या घरी. खांदा द्यायला पुरुष कमी पडले म्हणून मोठी पोरं लागली. आता हे सगळं १९१८चंच होतं की त्यात त्यांच्या आईने सांगितलेल्या १८९६च्या प्लेगातलंही थोडं मिसळलं होतं, हे मला कधी नीट उलगडलं नाही. एकदा गोष्टीत उंदीर यायचे, एकदा नाही. उंदीर आले की आजी आतून ओरडायची, "ओ, तो प्लेग! तुम्ही तेव्हा जन्माला तरी होता का?" आजोबा क्षणभर थांबायचे आणि उंदरांशिवाय गोष्ट पुढे न्यायचे.

त्याच १९१८ साली वसईतल्या पापडीला कॅथलिकांची पतपेढी निघाली, जी पुढे बॅसीन कॅथलिक बँक झाली. आजोबा ह्या दोन गोष्टी नेहमी एका दमात सांगायचे. सावकाराकडे गहाण पडलेली वाडी सोडवणं हे त्यांच्या लेखी आठवं कृत्य होतं आणि चर्चने ते यादीत का घातलं नाही याचं त्यांना नवल वाटायचं.

ही यादी वसईला काही नवी नव्हती. पोर्तुगीज जिथे जिथे वसले तिथे त्यांनी किल्ला, चर्च आणि मिझेरिकोर्दिया उभी केली. मिझेरिकोर्दिया म्हणजे दयेचा बंधुसंघ. मूळ लिस्बनचा, १४९८ साली राणी लिओनोरच्या आश्रयाने निघालेला. आजाऱ्यांची, कैद्यांची, अनाथांची, बेवारस प्रेतांची जबाबदारी त्याच्याकडे. वसईच्या किल्ल्यातही ती होती. मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले आणि आतली चर्चं पडत गेली. शाळेची सहल किल्ल्यात जायची तेव्हा आम्ही त्या भिंतींवर चढून बोरं खायचो. दयेच्या संघाचं एवढं मोठं घर इथे होतं आणि ते श्रीमंत फिदाल्गो, म्हणजे पोर्तुगीज उमराव, चालवत होते, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी बोरंच खाल्ली असती.

सांगितलं जायचं ते गोन्सालोबद्दल. गोन्सालो गार्सिया आमचा. वसईत जन्मलेला, बाप पोर्तुगीज, आई इथली. किल्ल्यातल्या जेझुइटांकडे शिकला आणि पंधराएक वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथे लोकांत मिसळून जपानी अशी शिकला की पुढे तीच त्याची ओळख झाली. जेझुइट व्हायची इच्छा मात्र पुरी झाली नाही. मग व्यापार केला, पैसा कमावला, आणि तो सोडून मनिलाला फ्रान्सिस्कनांत ब्रदर म्हणून गेला. १५९३ साली फ्रान्सिस्कन जपानला निघाले तेव्हा दुभाषा म्हणून हाच लागला. क्योतोत त्यांनी महारोग्यांसाठी इस्पितळं काढली. ५ फेब्रुवारी १५९७ला नागासाकीत सव्वीस जणांना क्रूसांवर टांगून भाल्यांनी मारलं, त्यात हा एक. १८६२ साली नववे पोप पायस यांनी त्याला संत ठरवलं.

आमच्या शाळेत फेस्ताच्या दिवशी त्याच्यावर नाटक व्हायचं आणि त्यात सगळा भर शेवटच्या प्रवेशावर. क्रूस, भाले, पांढऱ्या चादरीवर कुंकवाचं पाणी. महारोग्यांच्या इस्पितळाचा प्रवेश एकदाही झाला नाही. आजीला हे पटायचं नाही. "मरायला काय, एक दिवस लागतो," ती म्हणायची. "रोज उठून त्या लोकांचे पाय धुणं काढा की नाटकात." नाटकाच्या दृष्टीने तिची सूचना अवघड होती, पण माझ्या मते बरोबर होती. मला तरी गोन्सालोचं मोठेपण दुभाषेपणात दिसतं. एकीकडे स्पॅनिश बोलणारे फ्रान्सिस्कन, दुसरीकडे क्योतोतला सडत चाललेला माणूस. मधे वसईचा पोरगा, एकाचं दुखणं दुसऱ्याला समजावून सांगतोय.

आमची शाळा मराठी माध्यमाची, चर्चच्या आवारातली. सातवीनंतर काही मुलांना 'विन्सेंट द पॉल'मध्ये, म्हणजे गरिबांच्या घरी जाऊन मदत करणाऱ्या सोसायटीत, घेत. धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, तिची एक 'कॉन्फरन्स' असते. आमच्या तोंडी सगळीच 'सोसायटी'. मी बरीच वर्षं समजत होतो की ही संत विन्सेंट यांनीच काढली. ते १६६०मध्ये वारले. सोसायटी निघाली त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी, आणि काढली ती कॉलेजच्या पोरांनी.

पॅरिस, १८३३. आदल्या वर्षी पटकीने शहर उजाड केलेलं. फ्रेदेरिक ओझानम हा वीस वर्षांचा कायद्याचा विद्यार्थी एका वादविवाद मंडळात ख्रिस्ती धर्माची बाजू जोरात मांडायचा. समोरच्या एकाने विचारलं, पूर्वी तुमच्या चर्चने पुष्कळ केलं असेल, आज तुम्ही काय करता ते दाखवा. ओझानमजवळ उत्तर नव्हतं. तो आणि एक मित्र उरलेलं सरपण घेऊन एका गरिबाच्या घरी गेले. मग २३ एप्रिलला मूठभर विद्यार्थ्यांची पहिली बैठक झाली. एमान्युएल बेयी हा वयाने मोठा पत्रकार अध्यक्ष. कुठल्या घरी जायचं, जाऊन काय करायचं, हे त्यांना शिकवलं सिस्टर रोझाली रांद्यू यांनी. त्या मुफ्तार भागातल्या झोपड्यांत वर्षानुवर्षं वावरत होत्या. थोडक्यात, वादात अडलेल्या पोरांना एका सिस्टरने कामाला लावलं.

आमच्यापर्यंत हे पोहोचलं ते नियम होऊन. नियम पहिला, दोघांनी जायचं. एकट्याने नाही, घोळक्याने तर नाहीच. दुसरा, आत बोलावलं तर बसायचं; वस्तू उंबऱ्यावर ठेवून पळायचं नाही. तिसरा, जे दिसलं ते बाहेर बोलायचं नाही, घरीसुद्धा नाही. दोघंच का, असं मी आजीला विचारलं. ती म्हणाली, "एक बघायला. आणि दुसरा, त्याने बघितलेलं गावभर करू नये म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवायला." सोसायटीच्या पुस्तकात हे कारण नसेल.

बैठकीच्या शेवटी पिशवी फिरायची. मखमलीची, तोंड अरुंद. प्रत्येकाने मूठ मिटून हात आत घालायचा आणि उघडा बाहेर काढायचा. कोणी रुपया टाकला, कोणी पाच पैसे, कोणी काहीच नाही, हे कोणाला कळायचं नाही. ज्याच्या घरी आम्ही तांदूळ पोचवायचो त्याचा मुलगाही बैठकीला बसायचा आणि पिशवी त्याच्याही हातून जायची. मला आज वाटतं की त्या एका पिशवीने जेवढी लाज राखली तेवढी एकाही प्रवचनाने राखली नाही.

आमच्या जोडीकडे एक म्हातारी होती. मूल-बाळ नाही, केळीच्या वाडीच्या टोकाला एक खोली. तांदूळ, साखर, साबण एवढं न्यायचं. ती सामानाकडे बघायची सुद्धा नाही, तिला मुंबईच्या बातम्या हव्या असायच्या. तरुणपणी ती भाजीची टोपली घेऊन दादरला जायची, तेव्हाची गिऱ्हाइकं जिवंत आहेत का असं आम्हाला विचारायची. आम्ही तेरा वर्षांचे, दादर एकदाच पाहिलेलं. माझा जोडीदार सरळ थापा मारायचा. अमुक शेठ बरा आहे, तमक्या बाईने तुला विचारलंय. मी फादरांना कबुलीजबाबात हे सांगितलं, कारण थाप ऐकून गप्प बसणं पाप आहे की नाही याची खात्री नव्हती. फादर बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, सात आध्यात्मिक कृत्यांतलं दुःखिताचं सांत्वन कितवं ते पाठ कर.

आध्यात्मिक कृत्यंही सातच. त्यातलं त्रास देणाऱ्या माणसाला धीराने सोसणं हे आजीने आजोबांपुरतं राखून ठेवलं होतं.

आता जे लिहितो ते आजोबांनी सांगितलेलं नाही. आमच्या शनिवारच्या फेऱ्यांना एक हद्द होती. रेल्वेचे रूळ. पश्चिमेला आम्ही, सामवेदी, वाडवळ, आमची चर्चं, वाड्या, बावखलं म्हणजे तळी. पूर्वेला डोंगराकडे आदिवासी पाडे. तिथले लोक आमच्याच शेतांत मजुरीला यायचे, पण यादीत त्यांचं नाव नसायचं. यादी धर्मग्रामाची होती. कोणी मुद्दाम वगळलं असं नाही. आमच्यापैकी कोणाला ते सुचलंच नाही, आणि मला हे जास्त वाईट वाटतं. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली आला होता. तरी १९८०च्या दशकात श्रमजीवी संघटना उभी राहून मुक्ततेचे खटले लढवू लागली, तेव्हा वसई तालुक्यातच माणसं कर्जापायी राबवली जात होती हे आम्ही वर्तमानपत्रात वाचलं. मधे रुळांइतकंच अंतर होतं. परक्याला आसरा हे चौथं कृत्य पाठ असलेली आमची पिढी. ओझानमला हे आधीच कळलं होतं. दया जखम बांधते, जखम करणाऱ्याला अडवणं हे न्यायाचं काम, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलंय. ते आमच्या नियमांत उतरलं नाही.

हद्द ओलांडायला कधीकधी मोठ्यांपेक्षा पोरंच बरी. माझी एक मावशी बंगालकडे सिस्टर होती. ती सुट्टीवर आली की कलकत्त्यातल्या एन्टालीच्या सेंट मेरीज शाळेची गोष्ट सांगायची. शाळेच्या भिंतीपलीकडे मोतीझीलची झोपडपट्टी. लोरेटोच्या सिस्टरांना तेव्हा आवाराबाहेर मोकळं जाता येत नसे, तशी त्यांची शिस्त होती. जायच्या त्या मुली. फादर ज्युलियन हेन्री यांच्या सोडॅलिटीतल्या, म्हणजे भक्तिमंडळातल्या, शाळकरी मुली दर आठवड्याला वस्तीत आणि इस्पितळात जायच्या, परत येऊन बोलायच्या. शाळेतल्या भूगोल शिकवणाऱ्या मदर तेरेसा ते ऐकायच्या. ऑगस्ट १९४८मध्ये त्या स्वतः बाहेर पडल्या आणि काही महिन्यांनी मोतीझीललाच गेल्या. पुढच्या मार्चमध्ये त्यांच्याबरोबर राहायला पहिली आली ती त्यांचीच विद्यार्थिनी, सुभाषिनी दास. नंतरच्या सिस्टर अग्नेस. मावशीला यात सगळ्यांत आवडायचं ते हे, की बाईंच्या आधी पोरी जाऊन आल्या होत्या.

हल्ली शाळा-कॉलेजांत सेवेचे तास मोजतात. माझी भाची मुंबईला शिकते, तिच्या वहीवर सही-शिक्का लागतो आणि फोटोही. आमच्याकडच्या जुन्या लोकांना हे रुचत नाही. सक्तीची कसली सेवा, असं म्हणतात. मला त्यात फारसा दम वाटत नाही. १९१८च्या मास्तरांच्या हातात छडी होती आणि आजोबा पहिल्या दिवशी रडत गेले होते, हेही त्यांनीच सांगितलेलं. माझी तक्रार फोटोबद्दल आहे. तिसरा नियम त्यात बसत नाही.

आमच्या कॉन्फरन्सची बैठक अजून रविवारच्या मिस्सानंतर भरते. सभासद बहुतेक पेन्शनीतले. गेल्या वर्षी अकरावीतल्या दोन मुली आल्या आणि त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारलं की चाळीत भाड्याने राहणारं बिहारचं कुटुंब यादीत का नाही; त्यातला बाप बांधकामावरून पडलाय. एक काका म्हणाले, ते आपल्या धर्मग्रामातले नाहीत. दुसऱ्यांनी सोसायटीचा नियम काढला, त्यात धर्माची अट नाही. खजिनदारांनी शिल्लक वाचून दाखवली, ती फार नव्हती. अर्धा तास बोलणं झालं, दोनदा आवाज चढले. मग नाव लिहिलं गेलं आणि त्याच्यासमोर जोडी म्हणून त्या दोघींची नावं. ठेकेदाराकडून भरपाई कशी मिळवायची ते विचारायला एका वकिलाकडे जायचं ठरलं. ते काम माझ्याकडे आलंय, आणि जोडीला तेच काका आहेत.