चिरडलेला अवयव आणि मूत्रपिंड : लंडन ते किल्लारी

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार बळी घेतले. जाड दगडमातीच्या भिंती व मातीची जड छते घरातील माणसांवर कोसळली. अशा ढिगाऱ्याखाली तासन्‌तास हातपाय दबलेला माणूस बाहेर काढल्यावर शुद्धीवर असतो, बोलतो; मात्र काही तासांत वा दिवसांत दगावू शकतो. याचा उलगडा युद्धकाळातील संशोधनाने केला.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्बवर्षाव झाला, तेव्हा एरिक बायवॉटर्स व डेस्मंड बील या डॉक्टरांनी अशा चार रुग्णांची नोंद १९४१ मध्ये प्रसिद्ध केली. या विकारास ‘क्रश सिंड्रोम’ म्हणतात. चिरडलेल्या स्नायूंतील मायोग्लोबिन व पोटॅशियम दाब हटताच रक्तात मिसळतात. पोटॅशियममुळे हृदय बंद पडू शकते, तर मायोग्लोबिनमुळे मूत्रपिंडे निकामी होतात. शिवाय रक्तातील द्रव सुजलेल्या अवयवात उतरल्याने रक्तदाब घसरतो.

कारणमीमांसेसाठी बायवॉटर्स यांनी सशांवर प्रयोग केले. परंतु सशाच्या स्नायूंत मायोग्लोबिन अत्यल्प असते. त्यामुळे पुढे सशांना मानवी मायोग्लोबिन टोचण्यात आले. मूत्र आम्लधर्मी असताना मूत्रपिंडांना इजा होते, असे १९४४ मध्ये दिसून आले. प्राण्यावरील प्रारूप उपयुक्त असते, पण ते माणसाची हुबेहूब प्रतिकृती नसते, हा धडाही त्यातून मिळाला. आजही उंदीर, ससे, शेळ्या व डुकरे यांच्यावर अवयवांच्या जखमांचा अभ्यास होतो. तरीही रणांगणावरील धूळ, जंतुसंसर्ग आणि उपचारांतील विलंब प्रयोगशाळेत पुरतेपणी उभे करता येत नाहीत.

या ज्ञानाचे सार साधे आहे : शक्य असल्यास दबलेला अवयव मोकळा करण्यापूर्वीच शिरेवाटे सलाइन सुरू करावे आणि नंतर लघवीचे प्रमाण व रंग यांवर लक्ष ठेवावे. लघवी गडद तपकिरी होणे ही धोक्याची सूचना होय. मूत्रपिंडे बंद पडल्यास डायलिसिस जीव वाचवू शकते. १९८८ च्या आर्मेनियातील भूकंपात त्याची निकड जगाला कळली आणि पुढे मूत्रपिंडतज्ज्ञांचे आंतरराष्ट्रीय मदत पथक उभे राहिले.

अवयव गमवावाच लागला, तर पुनर्वसनाचा प्रश्न उरतो. सैनिकांसाठी हे काम पुण्यातील लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून करीत आहे. रणांगणावर मिळालेले ज्ञान गावापर्यंत पोहोचणे, यातच त्याचे सार्थक आहे.