घरातच सट्टा चालत असेल, तर मुलं काय शिकतात?

आयपीएल सुरू झाली की काही घरांत स्कोअरच्या आधी 'भाव' विचारला जातो. 'बुकी', 'सेशन', 'लगाई-खाई' हे शब्द मुलांच्या कानावर लहानपणीच पडतात. जिंकलं की घरी मिठाई येते; हरलेल्या पैशांबद्दल मात्र कुणी बोलत नाही. त्यामुळे सट्ट्यात पैसा मिळतोच, असं मुलांना वाटू लागतं. आई-वडिलांना जुगाराचं व्यसन असेल, तर मुलांनाही ते लागण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटना हे व्यसन आजार मानते. महाराष्ट्रात क्रिकेटवरचा सट्टा १८८७ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवरही बंदी आली. मदत हवी असल्यास टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.